सीड दिले तरी निकाल का बदलतो? मशीन लर्निंगच्या नवशिक्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

इंदूरच्या रामबागेत राहणारी एक विद्यार्थिनी गेल्या पावसाळ्यात आपला प्रकल्प घेऊन माझ्याकडे आली होती. 2017 मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचा पहिला क्रमांक आला आणि ओला कचरा व सुका कचरा वेगळा ठेवणे ही गोष्ट आमच्याकडे घराघरांत रुजली. तिने प्रकल्पासाठी नेमका तोच विषय निवडला होता. मोबाइलवर काढलेल्या 1200 फोटोंवरून कचरा ओला आहे की सुका, हे ओळखणारे मॉडेल तिने तयार केले होते आणि त्यांपैकी 240 फोटो चाचणीसाठी बाजूला ठेवले होते. दुपारी प्रोग्रॅम चालवला तेव्हा 240 पैकी 210 फोटो बरोबर ओळखले गेले, म्हणजे 87.5 टक्के. रात्री जेवणानंतर तोच प्रोग्रॅम, एकही अक्षर न बदलता, पुन्हा चालवला तर 202 बरोबर आले, म्हणजे 84.2 टक्के. "काका, सीड तर मी पहिल्याच ओळीत दिलंय, 42!" असे म्हणत तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. सीड म्हणजे प्रोग्रॅममधल्या, योगायोगाने आल्यासारख्या दिसणाऱ्या आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा.

आठ फोटोंचा हा फरक किरकोळ वाटू शकतो, पण तिची खरी अडचण पुढे होती. फोटो थोडे फिरवून आणि आडवे उलटवून मॉडेलला दाखवले तर त्याचा फायदा होतो का, हे तिला तपासायचे होते. काहीही न बदलता निकाल आठ फोटोंनी हलत असेल, तर काहीतरी बदलल्यावर तीन फोटोंची सुधारणा दिसली तरी ती त्या बदलामुळे झाली की नुसती योगायोगाने, हे सांगण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून निकाल स्थिर करणे हे प्रयोगाच्या शेवटी करायचे सजावटीचे काम नाही; प्रयोगाला सुरुवात करण्याआधीची ती अट आहे. तिच्या प्रोग्रॅममध्ये एकामागून एक जे दोष सापडले, त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे. फंक्शनांची नावे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करावी लागतील.

आधी हाताने करून पाहा: सीड म्हणजे काय

संगणक सहसा "वाटेल तो" आकडा काढत नाही. तो एका आकड्यावरून ठरलेल्या सूत्राने पुढचा आकडा काढतो, त्यावरून त्याच्या पुढचा, आणि ही माळ आपल्याला यादृच्छिक दिसते. कागद घेऊन एक छोटी माळ स्वतः करून पाहावी. सूत्र असे: हातातल्या आकड्याला 5 ने गुणावे, त्यात 3 मिळवावेत आणि 16 ने भागून उरलेली बाकी घ्यावी. सुरुवात 7 पासून केली तर 35 अधिक 3 म्हणजे 38, आणि 16 ने भागल्यावर बाकी 6. मग 6 वरून 33, बाकी 1. अशा रीतीने 6, 1, 8, 11, 10, 5, 12, 15, 14, 9, 0, 3, 2, 13, 4 आणि पुन्हा 7 अशी माळ मिळते. 0 ते 15 हे सगळे आकडे एकेकदा येऊन गेले, क्रम विस्कळीत दिसला, तरी त्यात योगायोगाचा अंशही नाही. इथे 7 हे सीड आहे. कोणीही, कुठेही, कधीही 7 पासून सुरुवात केली तर हीच माळ मिळेल.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या रँडम मॉड्यूलमध्ये हेच काम मर्सेन ट्विस्टर नावाची पद्धत करते. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी ती 1997 मध्ये विकसित केली. आपल्या माळेची लांबी 16 होती. त्यांच्या माळेची लांबी 2 चा 19937 वा घात वजा 1 इतकी आहे. आकार प्रचंड असला तरी तत्त्व तेच आहे.

या छोट्या माळेतून दोन गोष्टी मनात पक्क्या कराव्यात, कारण पुढचे सगळे त्यांवर उभे आहे. पहिली ही की सीड फक्त माळेची सुरुवात ठरवते. दुसरी, आणि माझ्या मते नवशिक्यांकडून सर्वाधिक दुर्लक्षित होणारी, ही की माळेतला कितवा आकडा कोणाच्या वाट्याला येतो हे सीड ठरवत नाही. ते आपल्या प्रोग्रॅममधल्या मागण्यांच्या क्रमावरून ठरते. दवाखान्यात टोकन घेण्याच्या रांगेत मध्येच एक जास्तीचा माणूस शिरला, तर यंत्र तेच आणि टोकनांचे आकडेही तेच असतात, पण त्याच्यामागच्या प्रत्येकाचा क्रमांक बदलतो. सीड दिले तरी निकाल बदलण्यामागे बहुतेक वेळा असाच एखादा जास्तीचा माणूस असतो.

पहिली पायरी: आकडे कोण कोण मागते, याची यादी करा

कोणतीही ओळ बदलण्याआधी प्रोग्रॅम वरून खालपर्यंत वाचावा आणि जिथे जिथे यादृच्छिक आकडा वापरला जातो ती प्रत्येक जागा वहीत लिहावी. तिच्या प्रोग्रॅममध्ये अशा पाच जागा निघाल्या: प्रशिक्षण आणि चाचणी यांत फोटोंची वाटणी, मॉडेलच्या वजनांच्या (शिकताना बदलत जाणाऱ्या आकड्यांच्या) सुरुवातीच्या किमती, प्रत्येक फेरीआधी फोटो पत्त्यांसारखे पिसणे, फोटो फिरवणे व उलटवणे, आणि ड्रॉपआउट, म्हणजे प्रशिक्षणाच्या वेळी मॉडेलच्या जाळ्यातील काही न्यूरॉन तात्पुरते बंद ठेवणे. मग प्रत्येक जागेसमोर तो आकडा कोणाच्या माळेतून येतो ते लिहावे. इथेच तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पायथॉनची स्वतःची माळ वेगळी, आकडेमोडीच्या नमपाय लायब्ररीची वेगळी, मॉडेल शिकवणाऱ्या पायटॉर्च लायब्ररीची वेगळी. तिने रँडम.सीड(42) एवढेच लिहिले होते आणि ते फक्त पायथॉनच्या माळेला लागू होते. वाटणी सायकिट-लर्न ही आणखी एक लायब्ररी करत होती, आणि ते न सांगितल्यास नमपायच्या सामाईक माळेतून आकडे घेते. वजने, पिसणे आणि ड्रॉपआउट पायटॉर्चकडे होते. तिच्या पाच जागांपैकी एकीलाही ते 42 पोहोचत नव्हते, कारण फोटो फिरवण्याचे कामही पायटॉर्चच्या सोबतचे पॅकेजच करत होते.

दुसरी पायरी: प्रत्येक माळेला सीड द्या, आणि ते सगळ्यात वर द्या

प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, मॉडेल किंवा डेटा यांना हात लागण्याआधी, एक छोटे फंक्शन लिहावे आणि त्यात तीन ओळी असाव्यात: रँडम.सीड(42), एनपी.रँडम.सीड(42) आणि टॉर्च.मॅन्युअल_सीड(42). यांतली शेवटची ओळ सीपीयू (संगणकाचा मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्डावरचा प्रोसेसर) या दोन्हींवरच्या माळा सुरू करते. पायटॉर्चऐवजी टेन्सरफ्लो ही लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी तिच्यासोबतच्या केरासच्या युटिल्समध्ये सेट_रँडम_सीड हे एकच फंक्शन पायथॉन, नमपाय आणि टेन्सरफ्लो या तिन्हींना सीड देते. 42 या आकड्यात काही विशेष नाही. 7 किंवा 2024 दिले तरी काम तेच होते.

सायकिट-लर्नच्या प्रत्येक फंक्शनला मात्र रँडम_स्टेट स्पष्टपणे द्यावे. तिथे पूर्णांक देणे आणि माळेची वस्तू देणे यांत फरक आहे. रँडम_स्टेट=42 असे लिहिले तर ट्रेन_टेस्ट_स्प्लिट कितीही वेळा बोलावले तरी तीच वाटणी मिळते; रँडमस्टेटची वस्तू दिली तर प्रत्येक वेळी माळ पुढे सरकते आणि दुसऱ्या वेळी वाटणी वेगळी येते. नवशिक्यांनी पूर्णांकच द्यावा.

आणखी एक खाच सहज लक्षात येत नाही. नमपायच्या 1.17 या आवृत्तीपासून डिफॉल्ट_आरएनजी हा नवा मार्ग उपलब्ध आहे आणि तो पीसीजी64 नावाच्या वेगळ्या पद्धतीची माळ वापरतो. जुन्या एनपी.रँडम.सीडचा या नव्या मार्गाशी काहीही संबंध नाही. कंसात काही न लिहिता डिफॉल्ट_आरएनजी() असे बोलावले तर ते प्रत्येक वेळी ऑपरेटिंग सिस्टिमकडून नवे सीड घेते, मग वर कितीही काळजीने सीड दिलेले असो. कंसात आकडा हवाच.

तिसरी पायरी: प्रत्येक कामाला स्वतःची माळ

सीड नीट बसल्यावर दोन्ही वेळचे निकाल शेवटच्या अंकापर्यंत सारखे आले आणि ती आनंदाने घरी गेली. दोन दिवसांनी तक्रार आली की निकाल पुन्हा बदलला. तिने मधे एकच गोष्ट केली होती: प्रशिक्षणाआधी नऊ फोटो कसेही निवडून पडद्यावर दाखवणाऱ्या दोन ओळी, नुसत्या पाहण्यासाठी. ती निवड पायटॉर्चच्या सामाईक माळेतून होत होती. हाच तो टोकनच्या रांगेत शिरलेला माणूस. पुढची वजने, पिसणे, ड्रॉपआउट, सगळे सरकले.

उपाय असा की सामाईक माळेवर विसंबून न राहता प्रत्येक कामासाठी वेगळी माळ तयार करावी आणि ती त्या त्या फंक्शनला हातात द्यावी. नमपायमध्ये सीडसीक्वेन्स(42) तयार करून त्याचे स्पॉन(3) बोलावले की एका सीडमधून तीन स्वतंत्र माळांची बीजे मिळतात. एक वाटणीसाठी, एक फोटो फिरवण्यासाठी, एक नुसत्या पाहणीसाठी. 42, 43, 44 असे लागोपाठचे आकडे हाताने देण्यापेक्षा हा मार्ग बरा, कारण माळा एकमेकींपासून स्वतंत्र राहाव्यात यासाठीच तो बनवला आहे. पायटॉर्चमध्ये टॉर्च.जनरेटर() तयार करून त्याला मॅन्युअल_सीड द्यावे आणि मॉडेलला फोटो गटागटाने पुरवणाऱ्या डेटालोडरला जनरेटर म्हणून तोच द्यावा. मग फोटो पिसण्याचा क्रम बाकीच्या प्रोग्रॅमपासून अलग राहतो. जॅक्स ही लायब्ररी वापरणाऱ्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही, कारण तिथे सामाईक माळच नसते आणि प्रत्येक वेळी किल्ली स्वतः द्यावी लागते. सुरुवातीला ते जाचक वाटते, परंतु मला ती शिस्त मनापासून आवडते.

नोटबुकमध्ये, म्हणजे जिथे प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत लिहून चालवतात तिथे, काम करणाऱ्यांनी इथे विशेष जपावे. एखादा कप्पा दोनदा चालवला की माळ दोनदा पुढे सरकते, आणि कोणता कप्पा किती वेळा चालवला हे तासाभराने कोणालाच आठवत नाही. नोंद ठेवण्याजोगा प्रत्येक निकाल कर्नल (मागे चालणारे पायथॉन) पुन्हा सुरू करून, सगळे कप्पे वरून खाली एकदाच चालवून काढावा.

चौथी पायरी: डेटाचा क्रम आणि वाटणी पक्की करा

यानंतर तिने तोच प्रोग्रॅम कॉलेजच्या संगणकावर नेला आणि तिथे वाटणीच वेगळी झाली. सीड सगळीकडे बरोबर होते. दोष होता फोल्डरमधील फाइलींची यादी घेणाऱ्या ओळीत. ओएस.लिस्टडिर फाइली कोणत्या क्रमाने देईल याची पायथॉन कसलीही हमी देत नाही. तो क्रम डिस्कवरच्या फाइल सिस्टिमवर अवलंबून असतो आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेले की बदलू शकतो. पत्ते पिसण्याची पद्धत तंतोतंत तीच ठेवली, पण जोड मुळातच वेगळ्या क्रमाने लावलेला असला, तर पिसल्यानंतर वेगळाच हात येणार. यादी घेतल्याबरोबर तिला सॉर्टेड मध्ये घालावे. एवढ्या एका शब्दाने हा दोष जातो. फाइली शोधण्यासाठी ग्लोब वापरत असाल तर त्यालाही हेच लागू आहे.

याच जातीचा दुसरा दोष सेटमध्ये, म्हणजे पायथॉनच्या क्रम नसलेल्या संग्रहात, लपतो. पायथॉन 3.3 पासून अक्षरमालांचे हॅश (मजकुरावरून सूत्राने काढलेले आकडे) दर वेळी प्रोग्रॅम सुरू होताना बदलतात, आणि म्हणून सेटमध्ये ठेवलेली नावे बाहेर काढताना प्रत्येक वेळी वेगळ्या क्रमाने येऊ शकतात. वर्गांची नावे सेटमधून घेऊन त्यांना 0 आणि 1 असे क्रमांक दिले, तर आज "ओला" म्हणजे 0 आणि उद्या "ओला" म्हणजे 1 असे होऊ शकते. पायथॉनहॅशसीड हा पर्यावरणातील चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) ठरवून देता येतो, पण तो पायथॉन सुरू होण्याआधी द्यावा लागतो; प्रोग्रॅमच्या आत लिहून उपयोग होत नाही. इथेही सॉर्टेड हाच साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

वाटणीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण इथली चूक नुसता आकडा हलवत नाही, निकाल खोटा करते. समजा आज 1200 फोटो आहेत आणि पुढच्या महिन्यात 100 वाढले. सीड तेच ठेवून पुन्हा वाटणी केली तर ती सर्वस्वी नवी होते; आजचे चाचणीचे कितीतरी फोटो उद्या प्रशिक्षणात जातात आणि जुन्या-नव्या निकालांची तुलना निरर्थक ठरते. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे वाटणी एकदाच करावी, चाचणीच्या फाइलींची नावे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवावीत आणि पुढे नेहमी तीच फाइल वाचावी. डेटा सतत वाढणार असेल तर याहून चांगला मार्ग असा: प्रत्येक फाइलीच्या नावाचा एमडी5 (कधीही न बदलणारा, चिन्हांच्या रूपातला हॅश) काढावा, त्याच्या शेवटच्या दोन चिन्हांचा 0 ते 255 मधला आकडा घ्यावा, आणि तो 51 पेक्षा लहान असेल तर फोटो चाचणीत, नाहीतर प्रशिक्षणात. 256 पैकी 51 म्हणजे जवळपास 20 टक्के. यात माळ नाही, सीड नाही, आणि नवे फोटो कितीही आले तरी जुन्यांची जागा हलत नाही. मात्र पायथॉनचे स्वतःचे हॅश फंक्शन यासाठी वापरू नये. ते का, हे वरच्या परिच्छेदात आलेच आहे. तसेच एकाच डब्याचे चार कोनांतून चार फोटो काढले असतील तर ते चारही एकाच बाजूला जायला हवेत, म्हणून एमडी5 फोटोच्या नावाचा न काढता त्या डब्याला दिलेल्या क्रमांकाचा काढावा. त्या विद्यार्थिनीकडे असे बरेच फोटो होते.

पाचवी पायरी: डेटा वाचणारे मदतनीस

डेटालोडरमध्ये नम_वर्कर्स शून्याहून जास्त ठेवले की फोटो वाचण्याचे काम वेगवेगळ्या प्रक्रियांत वाटले जाते. पायटॉर्च प्रत्येक मदतनिसाला आपल्या माळेसाठी वेगळे सीड देते, परंतु आपण नमपाय किंवा अन्य लायब्ररीच्या माळेतून फोटो फिरवत असाल तर ती माळ कोणत्या स्थितीत आहे हे आपणच पाहायला हवे. लिनक्सवर पायथॉन 3.13 पर्यंत मदतनीस सहसा मूळ प्रक्रियेची नक्कल म्हणून जन्माला येत, आणि पायटॉर्चच्या जुन्या आवृत्त्यांत नमपायची माळही तशीच नक्कल होऊन सगळे मदतनीस फोटोंमध्ये हुबेहूब सारखेच यादृच्छिक बदल करत असत. वर्कर_इनिट_एफएन म्हणून एक छोटे फंक्शन द्यावे, त्यात टॉर्च.इनिशियल_सीड() ला 2 च्या 32 व्या घाताने भागून बाकी घ्यावी आणि ती नमपायला व पायथॉनला सीड म्हणून द्यावी. भागण्याचे कारण एवढेच की नमपायचे जुने एनपी.रँडम.सीड त्याहून मोठे सीड स्वीकारत नाही.

सहावी पायरी: जीपीयू

आतापर्यंतचे सगळे केल्यावर सीपीयूवर निकाल स्थिर होतो. जीपीयूवर गेले की पहिल्या काही फेऱ्या सारख्या दिसतात आणि मग नुकसानीचा, म्हणजे मॉडेल किती चुकते याचे माप असलेल्या लॉसचा, सहावा-सातवा अंक हलू लागतो. याचे मूळ यादृच्छिक आकड्यांत नसून बेरजेत आहे. पायथॉन उघडून (0.1 + 0.2) + 0.3 लिहावे, उत्तर 0.6000000000000001 येते. मग 0.1 + (0.2 + 0.3) लिहावे, उत्तर 0.6 येते. शाळेत शिकलेला बेरजेचा नियम दशांश अपूर्णांकांच्या संगणकी रूपाला पूर्णपणे लागू होत नाही, कारण प्रत्येक पायरीवर उत्तर थोडे कापले जाते आणि कुठे कापले जाईल हे क्रमावर अवलंबून असते. जीपीयूवर हजारो धागे (एकाच वेळी चालणारी छोटी कामे) एकाच बेरजेत आपापली भर घालतात आणि कोण आधी पोहोचेल हे दर वेळी ठरलेले नसते. तो अतिसूक्ष्म फरक प्रत्येक फेरीत वाढत जातो. सीपीयूवरसुद्धा धाग्यांची संख्या बदलली की असे होऊ शकते.

पायटॉर्चमध्ये यासाठी टॉर्च.यूज_डिटरमिनिस्टिक_अल्गोरिदम्स(ट्रू) लिहावे. ज्या क्रियेला क्रम पाळणारा पर्याय आहे तिथे तो वापरला जातो आणि जिथे नाही तिथे प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. थांबला तर घाबरू नये. संदेश नीट वाचावा, त्यात कोणती क्रिया अडली हे लिहिलेले असते, आणि कधी कधी क्युब्लास या जीपीयूवरच्या गणिती लायब्ररीच्या कार्यक्षेत्राचा पर्यावरण-चल कोणता ठेवावा हेही तिथेच सांगितलेले असते. सोबत कुडीएनएन या जीपीयूवरच्या लायब्ररीचे बेंचमार्क फॉल्स करावे, कारण ते चालू असताना पायटॉर्च सुरुवातीला अनेक पद्धती चालवून त्यातली वेगवान निवडते आणि ती निवड दर वेळी तीच होईल असे नाही. टेन्सरफ्लोमध्ये याच कामासाठी एनेबल_ऑप_डिटरमिनिझम आहे.

याची किंमत वेगात मोजावी लागते. दोष शोधताना आणि दोन पद्धतींची तुलना करताना ती किंमत द्यावी. एकदा प्रोग्रॅमवर विश्वास बसला की मोठ्या प्रशिक्षणासाठी ही सक्ती उठवायला माझी हरकत नाही.

इथे एक मर्यादा मान्य करायला हवी. पायटॉर्चची अधिकृत माहितीच सांगते की वेगवेगळ्या आवृत्त्यांत किंवा वेगवेगळ्या यंत्रांवर पूर्ण सारख्या निकालाची हमी नाही, आणि सीड एकच असले तरी सीपीयू व जीपीयू यांचे निकाल वेगळे असू शकतात. कोलॅब या गूगलच्या ऑनलाइन नोटबुकवर आज एक जीपीयू मिळाला आणि उद्या दुसरा, तर शेवटच्या अंकापर्यंत जुळणीची अपेक्षाच ठेवू नये. म्हणून पिप फ्रीझने मिळणारी लायब्ररींच्या आवृत्त्यांची यादी, पायथॉनची आवृत्ती, जीपीयूचे नाव आणि गिटमधील कमिटचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या जतन केलेल्या रूपाचा, क्रमांक प्रत्येक निकालासोबत नोंदवावा. नमपायचा डिफॉल्ट_आरएनजीसुद्धा आवृत्ती बदलल्यावर तीच माळ देईल असे वचन देत नाही; जुन्या रँडमस्टेटची माळ मात्र गोठवून ठेवलेली आहे.

प्रशिक्षण मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे न्यायचे असेल, तर मॉडेल आणि ऑप्टिमायझर (वजने बदलत नेणारा भाग) यांच्यासोबत माळांची स्थितीही साठवावी: रँडम.गेटस्टेट, टॉर्च.गेट_आरएनजी_स्टेट, जीपीयूसाठी त्याचे टॉर्च.कुडा मधील भावंड, आणि नमपायच्या जनरेटरची बिट_जनरेटर.स्टेट. नुसते पुन्हा 42 दिले तर माळ पहिल्या आकड्यापासून सुरू होते आणि मॉडेलला पहिल्या फेरीतलाच क्रम पुन्हा दिसतो.

सातवी पायरी: खरोखर जुळते का, ते तपासा

अचूकतेचा शेवटचा आकडा जुळला म्हणजे सगळे जुळले, असे समजू नये. 240 फोटोंत 205 दोन वेगळ्या मॉडेलांचेही येऊ शकतात. प्रोग्रॅम दोनदा चालवावा आणि चार गोष्टी छापाव्यात: प्रशिक्षणाच्या यादीतील पहिली दहा नावे, प्रशिक्षण सुरू होण्याआधी पहिल्या थरातील वजनांची बेरीज, पहिल्या गटात आलेल्या फोटोंचे क्रमांक, आणि पहिल्या पाच टप्प्यांवरील लॉस, न कापता सगळ्या अंकांसह. मग दोन्ही यादींत पहिला फरक कुठे पडला ते पाहावे. नावेच वेगळी असतील तर चौथ्या पायरीवर जावे. नावे जुळली पण वजने नाहीत, तर कुठलीतरी माळ सीडविना आहे किंवा मध्ये कोणीतरी जास्तीचा आकडा घेतला आहे. वजने जुळली पण गटातील क्रमांक नाहीत, तर डेटालोडरचा जनरेटर तपासावा. हे सगळे जुळून पहिला लॉसच ठळकपणे वेगळा असेल तर ड्रॉपआउट किंवा फोटो फिरवणे संशयित आहे, आणि लॉस सहा-सात अंकांपर्यंत जुळून मग हळूहळू ढळत असेल तर तो बेरजेच्या क्रमाचा खेळ आहे. एरवी अंदाजाने ओळी बदलत बसण्यात जाणारी अख्खी संध्याकाळ या तपासणीने वाचते.

आठवी पायरी: एका सीडवर थांबू नका

निकाल स्थिर झाला की एक मोह होतो: दहा सीड चालवून पाहायचे आणि ज्यात सर्वाधिक अचूकता आली ते प्रोग्रॅममध्ये कायम करायचे. हे करू नये. तसे केल्याने मॉडेल सुधारत नाही. चाचणीच्या फोटोंशी योगायोगाने जुळलेली माळ तेवढी निवडली जाते, आणि नव्या फोटोंवर तो योगायोग टिकत नाही. त्याऐवजी वाटणी एकच ठेवून प्रशिक्षणाचे सीड किमान पाच वेळा बदलावे आणि सरासरी व प्रमाण विचलन दोन्ही लिहावे. यासाठी वाटणीचे सीड आणि प्रशिक्षणाचे सीड प्रोग्रॅममध्ये सुरुवातीपासूनच वेगळे ठेवलेले असले पाहिजेत.

तिने पाच सीड चालवले तेव्हा 240 पैकी 204, 210, 202, 207 आणि 205 बरोबर आले. सरासरी 205.6, म्हणजे 85.7 टक्के, आणि विचलन सुमारे 3 फोटो. पहिल्या दुपारी मिळालेले 87.5 टक्के या पाचांतील सर्वोत्तम आकड्याइतके होते, एवढेच. शिवाय चाचणीचे फोटोच 240 असल्यामुळे या टक्केवारीची प्रमाण त्रुटी (मोजक्या फोटोंमुळे राहणारी अनिश्चितता) सुमारे 2.3 टक्के इतकी राहते, आणि ती कितीही सीड चालवली तरी कमी होत नाही. त्यासाठी फोटोच वाढवावे लागतात.

मग त्याच पाच सीडवर, त्याच वाटणीवर, फोटो फिरवण्याची सोय चालू करून तिने पुन्हा पाच वेळा प्रशिक्षण दिले. आले 206, 211, 201, 209 आणि 206. सीडनुसार जोड्या लावल्या तर फरक अनुक्रमे 2, 1, उणे 1, 2 आणि 1. सरासरी एक फोटो. तिने अहवालात दोन्ही ओळी जशाच्या तशा छापल्या, फायदा झाल्याचे या डेटावरून म्हणता येत नाही असे त्याखाली लिहिले, आणि आता ती सकाळी चोइथराम मंडीत जाऊन ओल्या कचऱ्याचे आणखी फोटो काढते आहे.